सुनेने हात न लावलेली खेप

नाना रंगाऱ्यांना तुम्ही काहीही म्हणा. म्हातारा म्हणा, हट्टी म्हणा, बोलण्यात हार जात नाही म्हणा, ते मिशीतल्या मिशीत हसतील आणि सोडून देतील. पण त्यांच्या दुकानातून रंगून गेलेल्या बकलाचे पोपडे निघाले असं कुणी म्हणालं, तर त्याची धडगत नसायची. चाळीस वर्षं त्यांनी हा एकच धंदा केला. पिशव्यांची बकलं, पट्ट्यांच्या कड्या, पर्सचे हुक, असल्या बोटभर वस्तूंना रंग द्यायचा, आणि असा द्यायचा की पिशवी फाटेल पण बकलाचा रंग हलणार नाही.

हा पोरखेळ नाही, बरं का. भिंत रंगवणं सोपं. भिंत बिचारी एका जागी गप्प उभी असते. बकल दिवसातून वीस वेळा उघडतं, मिटतं, घासतं, घामट हाताखाली येतं. त्याच्यावर रंग टिकवायचा तर खरी मेहनत रंगाच्या आधीची. बारीक पॉलिश पेपरने घासायचं, म्हणजे रंगाला धरायला जागा होते. मग रॉकेलमध्ये बुडवून कारखान्याचं काळं तेल काढायचं. रॉकेल स्वतःच तेलकट, म्हणून मागाहून स्पिरिटमध्ये धुऊन ते रॉकेलही काढायचं. त्यानंतर उघड्या बोटाने शिवायचं नाही, कारण बोटाचा ओशटपणाही रंगाला खपत नाही. मग अस्तराचा एक हात, रंगाचे दोन पातळ हात, वरून चकाकीचा एक, आणि दर हातानंतर पुरतं वाळू द्यायचं. घाई केली की मेलंच.

दुकान म्हणजे घराच्याच पुढच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत नाना घासायचे आणि धुवायचे. आतल्या खोलीत, हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याखाली, सून रंगवायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला फवारा कुठून धरतात हे माहीत नव्हतं, आणि सहा वर्षांत ती नानांपेक्षा पातळ हात मारायला लागली. नाना हे तिच्या तोंडावर कधी म्हणाले नाहीत. गिऱ्हाइकाला मात्र सांगायचे, "आमच्या सूनबाईचा हात बघा, एक ओघळ दाखवा, दुकान तुमचं."

सून नाकातोंडावर जाड मास्क लावायची. नाना लावत नसत. त्यांच्याकडे रॉकेल आणि स्पिरिट एकाच जातीच्या दोन तपकिरी बाटल्यांत असायचं, फळीवर शेजारी शेजारी, चिठ्ठी ना खूण. मुलाने एकदा नावं चिकटवली, तर नानांनी खरवडून काढली. "चिठ्ठ्या कंपाउंडर लावतो," म्हणाले. "रंगाऱ्याला नाक असतं." बूच काढायचं, एक हुंगा घ्यायचा, ताटलीत ओतायचं. धुतलेलं बकलसुद्धा ते हुंगूनच पास करायचे. खरं तर त्याची एक साधी परीक्षा आहे. धुतलेली वस्तू पाण्यात बुडवून काढायची. स्वच्छ धातूवर पाणी सपाट पसरतं, तेलकट धातूवर त्याचे थेंब होऊन घरंगळतात. पण नानांच्या मते ती परीक्षा शिकाऊ लोकांसाठी होती.

हिवाळ्यात नानांना पडसं झालं. चांगलं तीन आठवडे मुक्काम ठोकून बसलं. गेलं, पण जाताना नानांचं नाक घेऊन गेलं. ताटावर बसले की म्हणायचे, "आजकाल भाजीत काही राम नाही." सून बिचारी मीठ वाढवायची, तिखट वाढवायची, आणि बाकीची सगळी जेवताना घटाघटा पाणी प्यायची. नानांना कळत होतं का? कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. येईल वास, आज ना उद्या येईल, अशी मनाची समजूत घालून त्यांनी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. बाटली उचलायची, सवयीने हुंगायची, आणि डावीकडची ती स्पिरिटची असं धरून चालायचं. स्पिरिटचा नवा कॅन आला, बाटल्या खाली उतरल्या, भरल्या, परत चढल्या. डावी कुठली आणि उजवी कुठली, फळीला काय ठाऊक!

मग माल परत यायला लागला.

बॅगवाला म्हणजे नानांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याने टेबलावर बकल ठेवलं आणि नखाने नुसतं खरवडलं. रंगाचा अख्खा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा सुटून आला. 

"धुणं माझ्याकडे आहे," नाना ताडकन म्हणाले. "धुण्यात चूक व्हायची नाही. धुतल्यावर कुणीतरी उघड्या हाताने शिवलं असणार."

आता त्या घरात बकलांना हात लावणारी माणसं दोन. त्यातलं एक तर स्वतः बोलत होतं. 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"तुझे हात घामेजतात," मुलगा नंतर बायकोला म्हणाला. रागाने नव्हे, पण म्हणाला.

"अहो, हातमोजे असतात ना मला."

"घालता-काढताना लागत असेल."

दुसरी खेप परत आली, तेव्हा ती हातमोज्यांवर हातमोजे घालायला लागली. कामाला बसण्याआधी कपडे धुण्याच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची, एकदा, दोनदा, पाचदा. बोटांची कातडी तडकली, सांध्यांवर भेगा पडल्या, भांडी घासताना तोंडातून सिस्स निघायचं. तिची लहानगी लेक केसांना लावायची क्लिप घेऊन आली की ती म्हणायची, "बाबांकडून लावून घे गं, माझ्या हाताने रंग जाईल." आणि हसायची. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

नाना हे सगळं बघत होते. त्यांना वाईट वाटत होतं. पण तेव्हापर्यंत त्यांनाही मनापासून वाटत होतं की पोरीच्या हातातच काहीतरी आहे. माणसाला सोयीचं ते लवकर पटतं, त्यात नाना कोण मोठे लागून गेले!

तिसऱ्यांदा माल आला तेव्हा बॅगवाला बसलाही नाही. "नाना, चाळीस वर्षांचं नाव आहे म्हणून तिसऱ्यांदा आलो. चौथ्यांदा यायचा नाही."

मुलगा खाली मान घालून उभा. नाना मिशी चावत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून सून बाहेर आली. मास्क गळ्यात, डोळे कोरडे.

"एक करू या," ती म्हणाली. "पुढची एक खेप मी शिवत नाही. नाना एकटे धुतील, एकटे रंगवतील. रंग टिकला तर दोष माझा. पुन्हा उडाला, तर मग दुसरीकडे शोधू. सरळ गोष्ट आहे."

किती सरळ बोलली बघा ती! भल्याभल्यांना स्वतःवर असा डाव लावणं जमत नाही. बॅगवाला म्हणाला, "हे बरोबर बोललात." आणि खेप टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना एकटेच बाहेरच्या खोलीत बसले होते. धुतलेली बकलं तारेला अडकवत होते, त्यातलं एक चिमट्यातून निसटलं आणि खालच्या पाण्याच्या बादलीत पडलं. नानांनी ते तारेच्या आकड्याने वर काढलं आणि बघतच राहिले. बकलावर पाण्याचे टपोरे थेंब उभे होते. जरा कलतं केलं, तर सगळे घरंगळून गेले.

नानांनी दुसरं बकल बुडवलं. थेंब. तिसरं. थेंब. त्यांनी दोन्ही बाटल्यांची बुचं काढली आणि नाक आत घालून, छाती फुटेस्तोवर श्वास ओढला. काही नाही. पाण्याची बाटली असावी तसं. मग त्यांनी दोन्हीतलं थोडं थोडं बोटांवर घेऊन चोळलं. एक गार लागून क्षणात उडून गेलं. दुसरं बोटावर गुळगुळीत बसून राहिलं. आणि जे बसून राहिलं, त्याच बाटलीतून त्यांनी शेवटचं धुणं केलं होतं. आज केलं होतं, म्हणजे गेल्या तिन्ही खेपांना तेच केलं होतं.

नाना स्टुलावर बसले ते कितीतरी वेळ उठले नाहीत. नाक नसलेला रंगारी. लोक काय म्हणतील हे पुढचं. मुलगा म्हणेल, नाना, आता पुरे, आराम करा. आराम! चाळीस वर्षं ज्या स्टुलावर काढली, त्याच्यावरून उठून खिडकीशी बसायचं आणि रस्त्यावरची माणसं मोजायची. 

आत सून भाजी चिरत होती. दहा पावलं. उठून जायचं आणि सांगायचं, एवढंच होतं.

नाना उठले आणि त्यांनी स्पिरिटच्या बाटलीच्या गळ्याला काळा दोरा बांधला. सगळी बकलं पुन्हा धुतली, एकेक पाण्यात बुडवून बघितलं. मनाशी म्हणाले, चूक सापडली ना? मग झालं तर. आता खेप चांगली जाईल, बॅगवाला गप्प होईल, मग पोरीला म्हणू, ये बाई, बस परत. यात कुणाचं काय बिघडलं?

काय बिघडलं ते ऐका.

खेप गेली आणि टिकली. बॅगवाल्याने त्यातली चार बकलं पंधरा दिवस खिशात किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर हिंडवली. एक टवका उडाला नाही. तो स्वतः सांगायला आला, नानांच्या पाठीवर थाप मारली, "मानलं तुम्हाला!" आणि मग बॅगवाला, मुलगा, सगळ्यांनी एकदमच सुनेकडे बघितलं. बोलायची गरजच नव्हती.

"बघा," ती म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं? माझ्या हातांनाच दोष आहे."

आणि ती पदराआड तोंड करून आत गेली.

नाना दोन दिवसांनी तिला म्हणाले, "चालायचंच गं. ये परत बसायला. आता काही होणार नाही."

"नको नाना. तुमचं नाव खराब होईल."

"माझं नाव घाल चुलीत!"

"तुम्ही मोठ्या मनाचे आहात," ती म्हणाली, "म्हणून म्हणताय."

असं ती चारदा म्हणाली असेल, आणि दर वेळी नानांना कुणी कानफटात मारावी तसं झालं. ती घरातली स्टीलची भांडीसुद्धा फडक्याने धरून उचलायला लागली. बॅगवाल्याने तिला आपल्याकडे खोकी बांधायला बोलावलं. पुठ्ठ्याला हातांचा दोष लागत नाही, असं तो म्हणाला, आणि चांगल्या मनाने म्हणाला. सोमवारी कामावर जायचं ठरलं. फवाऱ्याची नळी तिने शेवटची धुऊन, पुसून, खोक्यात घालून ठेवली. ज्या हातांचा ओघळ दाखवायचं नाना लोकांना आव्हान द्यायचे, ते हात आता पुठ्ठे बांधणार होते.

रविवारी सकाळी बॅगवाला नवी खेप घेऊन आला. मुलगा होता, सून चहा घेऊन आली होती. नानांनी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"थांबा जरा," ते म्हणाले. "दोष हिचा नव्हता. माझा होता. मला वास येत नाही. हिवाळ्यापासून येत नाही. मी स्पिरिट म्हणून रॉकेलने धूत होतो."

मुलगा हसला.

"नाना, तुम्ही पण! तिचं वाईट वाटतंय म्हणून स्वतःच्या अंगावर घ्यायचं?"

"अरे गाढवा, खरं सांगतोय!"

"नानांचं नाक आणि वास येत नाही?" बॅगवाला म्हणाला. "बघू या की. मिटा डोळे."

नानांनी डोळे मिटले. मुलाने बाटली रुमालात गुंडाळली, दोरा दिसू नये म्हणून, आणि त्यांच्या नाकाखाली धरली.

"काही येत नाही," नाना म्हणाले.

"काहीतरी सांगायचं. अंदाजे!"

"अरे, येत नाही तर सांगू काय? रॉकेल असेल."

रॉकेलच होतं. दोघं टाळ्या देऊन हसले. मग पुन्हा एकदा बाटली धरली. नाना चिडून म्हणाले, "स्पिरिट!" आणि निघालं स्पिरिट. माणूस खोटं बोलत असता तर मुद्दाम उलटं सांगता आलं असतं. पण ज्याला वासच येत नाही, तो मुद्दाम चुकणार तरी कसा? नशिबाने उभ्या जन्मात नानांना कधी लॉटरी लावली नाही, आणि आज बरोबर दोनदा लावली.

"नाक शाबूत आहे की!" बॅगवाला डोळे पुसत म्हणाला. मग सुनेकडे वळला. "बाई, असा सासरा मिळायला भाग्य लागतं."

"हो ना," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "नाना, तुम्ही एवढं म्हणालात ना, यातच मला सगळं मिळालं."

नानांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मुलगा आणि बॅगवाला कोपऱ्यावर चहावाल्याकडे गेले, नानांचा किस्सा त्यालाही सांगायचा होता. सून कप उचलायला लागली, तेव्हा नानांनी तिच्यासमोर नवी खेप उघडली.

"बस. हातमोजे नकोत. उघड्या हातांनी एक बकल घे."

"नाना, कशाला उगाच..."

"बस म्हणतो ना!"

ती बसली. नानांनी दोन ताटल्यांत दोन बाटल्या ओतल्या. "आधी रॉकेल. आता या दोऱ्याच्या बाटलीतलं. धू. चिमट्याने धर आणि पाण्यात बुडव."

तिने बुडवून काढलं. पाणी बकलावर सपाट बसलं होतं, एक थेंब नाही.

"आता दुसरं घे. ते उलटं धू, आधी दोऱ्याच्या बाटलीतलं, मग रॉकेल. मी धुवायचो तसं."

थेंब उभे राहिले. तिने बकल हलवलं, ते घरंगळले. तिने तिसरं घेतलं, चौथं घेतलं. आधी हात कपाळावर फिरवून घामाने ओले केले, आणि मग स्पिरिटमध्ये धुतलं. पाणी सपाटच राहिलं. तिचे भेगाळलेले हात स्पिरिटने पेटल्यासारखे झोंबत असणार, पण ती थांबेना. सात बकलं केली तिने. मग चिमटा खाली ठेवला.

"हा दोरा कधी बांधलात, नाना?"

इथे नानांना खोटं बोलता आलं असतं. काल बांधला म्हणाले असते, तर तिने मानलंही असतं.

"तू म्हणालीस ना, एक खेप मी शिवत नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी."

तिने दोऱ्याची गाठ अंगठ्याने चाचपली.

"म्हणजे ती खेप धुताना तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि मी दोष माझा म्हणत होते, तेव्हा तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होता."

"हो, पोरी."

"पोरी म्हणू नका मला."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने आपले दोन्ही हात पुढे केले, पालथे, उताणे, आणि स्वतःच बघत राहिली, जणू दुसरंच कुणीतरी ते इथे विसरून गेलंय.

"मला किळस यायला लागली होती यांची," ती म्हणाली. "माझ्या लेकीला हात लावायची मला भीती वाटायची, नाना. आणि तुम्ही दोरा बांधून मोकळे झालात."

"मला वाटलं, मला इथून उठवतील."

"उठा."

नानांना आधी कळलं नाही. मग ते उठले. गुडघा धरून, टेबलाचा आधार घेत. ती त्या स्टुलावर बसली, नवी खेप पुढे ओढली आणि बकलं रॉकेलच्या ताटलीत सोडायला लागली. नाना तिथेच उभे राहिले. चाळीस वर्षांत या खोलीत उभं राहायची त्यांच्यावर वेळ आली नव्हती, उभं कुठे राहायचं हेही त्यांना सुचेना.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"जा, त्यांना सांगा."

"सांगितलं की गं. हसले ते."

"परत सांगा. त्यांना पटेपर्यंत सांगा." तिने मान वर केली नाही. "मला पटवायला तुम्हाला एक शब्द पुरला होता. 'कुणीतरी' म्हणालात आणि मोकळे झालात."

नानांनी चपला घातल्या. कोपऱ्यावर बॅगवाला बाकावर बसून हातवारे करत होता, चहावाला पोट धरून हसत होता.

"आले बघा, मोठ्या मनाचे सासरे आले!" चहावाला म्हणाला. मुलाने सरकून जागा केली. कुणीतरी गरम कप हातात दिला.

"बसत नाही मी," नाना म्हणाले. कप त्यांनी बाकावर ठेवला. "ऐका. हिवाळ्यात मला पडसं झालं होतं..."

"परत सुरू झालं यांचं!" बॅगवाल्याने चहावाल्याला डोळा मारला.

नाना थांबले, हसणं ओसरू दिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.